पपईच्या चिकापासून पाठीच्या कण्यापर्यंत

(जळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया आणि जिवाणूंची प्रथिने हा विषय निमंत्रणपत्रिकेवर वाचून आपल्यापैकी अनेकांना वाटले असेल, की हे व्याख्यान एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयात शोभले असते. आपल्यासमोर ते कशासाठी? असे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून मी प्रारंभ रुग्णालयापासून करीत नाही. आपल्या सर्वांच्या परिचयाच्या एका शब्दापासून करतो. तो शब्द आहे धनुर्वात.

या रोगात रुग्णाची पाठ धनुष्यासारखी मागे ताणली जाते, म्हणून आपल्या पूर्वजांनी त्याला हे नाव दिले. सुश्रुतसंहितेतही धनुःस्तंभ या नावाने त्याचे वर्णन आहे. मातीत राहणारा एक जिवाणू जखमेतून आत शिरतो. तो स्वतः जखमेपाशीच राहतो. परंतु त्याने तयार केलेले एक प्रथिन मज्जातंतूंच्या वाटेने मज्जारज्जूपर्यंत पोहोचते. स्नायूंना आवर घालणारे संदेश हे प्रथिन अडवते. आवर सुटलेले स्नायू आखडतात आणि कणा वाकतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाचे एक प्रथिन धडधाकट माणसाचा कणा धनुष्यासारखा वाकवू शकते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो. त्यामागचे कारण मात्र प्रयोगशाळेत शोधावे लागले.

सन १८९० मध्ये जर्मनीत बेहरिंग आणि त्यांचे जपानी सहकारी कितासातो यांनी दाखवून दिले, की या विषाचा उतारा प्राण्यांच्या रक्तातच तयार होतो. पुढे हेच विष निष्प्रभ करून त्याची लस बनवण्यात आली. आज आपल्या बाळाला आणि गर्भवती भगिनीला मिळणारी धनुर्वाताची लस म्हणजे निरुपद्रवी केलेले तेच जिवाणू-प्रथिन होय. माता व नवजात बालकांमधील धनुर्वाताचे आपल्या देशातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मान्य केले. एका प्रथिनाचा अभ्यास केल्याने किती पाळणे रिते होण्यापासून वाचले, याची कल्पना करा.

या लढ्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्यातील पूनावाला कुटुंबाच्या अश्वपालन केंद्रातील निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. त्यांच्या रक्तद्रवापासून तेथे औषध होई. घोडे आपले, मग औषध आपण का करू नये, असा विचार सायरस पूनावाला यांनी केला आणि १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. कच्चा माल देणारा स्वतः निर्माता झाला. आजच्या विषयाचे सार या एका प्रसंगात सामावलेले आहे. आता त्याच दृष्टीने आपल्या खान्देशाकडे पाहू.

जळगावचा चीक

सन १९७८. जामनेर तालुक्यातील वाकोदसारख्या खेड्यातून पुढे आलेले भवरलाल जैन यांनी जळगावातील केळीच्या भुकटीचा एक जुना कारखाना तीस लाख रुपयांना विकत घेतला. त्या काळी ही रक्कम थोडी नव्हती. केळीची भुकटी बाजूला ठेवून त्यांनी तेथे पपेन बनवण्यास प्रारंभ केला. कच्च्या पपईला चिरा दिल्या की जो पांढरा चीक गळतो, तो वाळवून व शुद्ध करून पपेन मिळते. मांस मऊ करण्यासाठी, पेये नितळ करण्यासाठी आणि पाचक औषधांसाठी जगात त्याला मागणी होती. खान्देशातील शेतकऱ्याच्या बांधावरचा चीक परदेशी जाऊ लागला. ठिबक सिंचनाच्या पुढील सर्व उद्योगाचा पाया अशा धाडसावर उभा आहे. भवरलालजींना २००८ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१६ मध्ये ते गेले. पण एका खेड्यातील माणूस काय करू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

पपेन हे काय आहे? ते एक विकर आहे, म्हणजे इतर प्रथिने कापणारे प्रथिन. पपईच्या त्याच चिकात त्याचे एक भावंडही असते. त्याचे नाव कायमोपपेन. १९४१ मध्ये अमेरिकेतील जान्सेन आणि बॉल्स या शास्त्रज्ञांनी ते वेगळे केले. या भावंडाची कथा आपल्याला थेट कण्यापाशी घेऊन जाते.

सशाचे कान आणि मणक्याची गादी

न्यूयॉर्कमधील लुईस थॉमस या डॉक्टरांनी सशांच्या शिरेत पपेन टोचले. काही तासांत सशांचे ताठ कान लुळे होऊन खाली लोंबू लागले आणि काही दिवसांनी पुन्हा उभे राहिले. हे त्यांनी पूर्वीही पाहिले होते, पण कारण हाती लागत नव्हते. पुढे विद्यार्थ्यांना तो प्रयोग करून दाखवताना त्यांना उलगडा झाला. कानातील कूर्चेला ताठपणा देणारा घटकच पपेनने विरघळवला होता. १९५६ मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले.

आता आपला कणा पाहा. मानेपासून कमरेपर्यंत एकावर एक चोवीस सुटे मणके रचलेले आहेत. त्यांच्यामध्ये गाद्या असतात. प्रत्येक गादीला बाहेरून चिवट कडे आणि आत पाणी धरून ठेवणारा मऊ गर असतो. जड ओझे उचलताना किंवा वयोमानाने कडे फाटते, गर बाहेर डोकावतो आणि शेजारच्या मज्जातंतूवर दाब देतो. कमरेपासून पायापर्यंत कळ जाते. 'गादी सरकली' असे आपण म्हणतो ते हेच. सावदा-रावेरच्या बागांतून केळीचे घड खांद्यावर वाहणारा मजूर असो, कापसाची गाठ ओढणारा हमाल असो की दिवसभर वाकून निंदणी करणारी भगिनी असो, ही कळ त्यांना नवी नाही.

इलिनॉय राज्यातील एल्जिन गावचे अस्थिशल्यविशारद लायमन स्मिथ यांनी सशाच्या कानाची ही वार्ता वाचली आणि त्यांच्या मनात विचार आला, की जे विकर कानाची कूर्चा मऊ करते, ते बाहेर आलेल्या गादीचा गरही विरघळवेल. १९६४ मध्ये त्यांनी माणसावरील उपचार प्रसिद्ध केला. पाठ न उघडता, सुईने कायमोपपेन थेट गादीत सोडायचे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८२ मध्ये या औषधाला मान्यता दिली.

कालक्रमाकडे लक्ष द्या. आपण पपईचा चीक वाळवून पाठवू लागलो, त्याच्या चौदा वर्षे आधी जगाच्या दुसऱ्या टोकाला त्याच चिकातील प्रथिनाचे औषध झाले होते. यात जळगावचा दोष नाही. जळगावने आपल्या वाट्याचे काम उत्तम केले. परंतु चिकाचा भाव किलोवर ठरतो आणि औषधाचा भाव ज्ञानावर ठरतो. हा फरक आपण मनात नोंदवून ठेवला पाहिजे.

जिवाणूने दिलेले उत्तर

पपईच्या औषधाची गोष्ट मात्र सुखान्त नाही आणि ती लपवण्याचेही कारण नाही. काही रुग्णांना त्याची तीव्र अ‍ॅलर्जी झाली. काहींच्या मज्जारज्जूला इजा होऊन पाय लुळे पडले. कायमोपपेन प्रथिन कापते आणि शरीरात प्रथिने सर्वत्र आहेत. सुई किंचित चुकली तर जे कापू नये तेही कापले जाते. औषधाचा वापर घटत गेला आणि २००३ मध्ये अमेरिकेत त्याची विक्री थांबली.

शास्त्रज्ञांनी प्रश्न बदलून विचारला. गादीच्या गरात पाणी धरून ठेवतात त्या साखरेसारख्या लांब साखळ्या. प्रथिनांना हात न लावता तेवढ्याच साखळ्या तोडणारे विकर कोठे मिळेल? उत्तर मिळाले ते प्रोटियस व्हल्गॅरिस नावाच्या जिवाणूत. हा जिवाणू दुर्मीळ नाही. तो मातीत, सांडपाण्यात, आपल्या आतड्यांतही राहतो. या जिवाणूपासून मिळवलेल्या विकराचे औषध जपानच्या सेइकागाकू कंपनीने तयार केले आणि २०१८ मध्ये जपानने त्याला मान्यता दिली. त्याचे नाव काँडोलिएज. विशिष्ट प्रकारे गादी सरकलेल्या आणि साध्या उपचारांनी बरे न वाटलेल्या रुग्णाला त्याचे एकच इंजेक्शन देतात. अ‍ॅलर्जीचा धोका येथेही आहे, म्हणून ते पुन्हा देत नाहीत. तरीही झाडाच्या विकराकडून जिवाणूच्या विकराकडे झालेला हा प्रवास पाहण्यासारखा आहे. सरसकट घाव घालणाऱ्या कुऱ्हाडीच्या जागी नेमकी गाठ सोडवणारी सुई आली.

याच जातीच्या जिवाणू-विकराने आणखी एक आशा दाखवली आहे. अपघातात मज्जारज्जूला इजा झाली की तेथे व्रण तयार होतो आणि त्या व्रणातील तशाच साखळ्या तुटलेल्या तंतूंना पुढे वाढू देत नाहीत. २००२ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी जखमी उंदरांच्या मज्जारज्जूत हे विकर सोडले. तंतू काही अंशी वाढले आणि उंदरांची हालचाल सुधारली. अडचण अशी, की शरीराच्या उष्णतेत हे विकर लवकर निकामी होते. भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ रवी बेल्लमकोंडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ट्रेहॅलोज नावाच्या साखरेच्या साहाय्याने ते अधिक काळ टिकवून दाखवले. हे सर्व प्रयोग प्राण्यांवरील आहेत. लुळ्या पायांना पुन्हा चालवणारे औषध आज बाजारात नाही. कोणी तसे सांगून आपल्याकडून पैसे मागितले, तर त्यावर विश्वास ठेवू नका.

कण्याचा क्षय

आता आपल्या देशातील कण्याच्या एका जुन्या शत्रूविषयी बोलतो. क्षयरोग फुफ्फुसांचा असतो हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु हाडांना होणाऱ्या क्षयामध्ये सर्वाधिक प्रमाण कण्याच्या क्षयाचे आहे. जिवाणू मणके पोखरतात. पाठ दुखते, रात्री अधिक दुखते. सायंकाळी बारीक ताप येतो, वजन उतरते. रोग वाढला तर पाठीला कुबड येते आणि पाय लुळे पडतात. वेळीच ओळखला तर हा रोग औषधांनी बरा होतो. ओळखायला उशीर झाला तर आयुष्यभराचे अपंगत्व येते. म्हणून दीर्घकाळची पाठदुखी आणि बारीक ताप एकत्र दिसले, तर मालीश करीत बसू नका, तपासणी करा. क्षयाची औषधे शासनाकडून विनामूल्य मिळतात.

हा रोग ओळखण्यातही जिवाणूच्या प्रथिनांचीच मदत झाली. क्षयाच्या जिवाणूंचा अर्क रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये जगापुढे आणला. पुढे त्यातील प्रथिने शुद्ध करून त्वचेत टोचण्याची चाचणी रूढ झाली. परंतु लहानपणी बीसीजी घेतलेल्यांमध्येही ही चाचणी फसवी ठरू शकते, कारण अनेक प्रथिने दोन्ही जिवाणूंत समान आहेत. संशोधकांनी मग अशी दोन प्रथिने निवडली, जी रोगकारक जिवाणूत आहेत आणि बीसीजीच्या जिवाणूत नाहीत. या दोन प्रथिनांवर आधारलेली नवी त्वचाचाचणी डेन्मार्कमध्ये विकसित झाली. तिचे उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने हाती घेतले आणि २०२२ मध्ये भारतात तिला मान्यता मिळाली. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे छोटे यंत्र थुंकीच्या नमुन्यातील जिवाणूची जनुके ओळखते. त्याच्या चाचण्यांना जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये संमती दिली. बॅटरीवर चालणारे हे यंत्र वीज नसलेल्या ठिकाणीही नेता येते. देश क्षयमुक्त करण्यासाठी २०२५ हे वर्ष ठरवले होते. ते ध्येय गाठणे अद्याप बाकी आहे, याचा विसर पडू देऊ नका.

उपचारांतही आपल्या देशाने जगाला मार्ग दाखवला. कण्याचा क्षय झालेल्या प्रत्येकावर मोठी शस्त्रक्रिया करावी, असा एक आग्रह पाश्चात्त्य जगात होता. वाराणसीच्या हिंदू विश्वविद्यालयात काम करताना डॉ. सुरेंद्र मोहन तुली यांनी मध्यममार्ग मांडला. बहुसंख्य रुग्णांना औषधे द्यावीत आणि गरज पडेल तेव्हाच शस्त्रक्रिया करावी. १९७५ मध्ये त्यांचे हे अनुभव आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कोइमतूरचे डॉ. राजशेखरन यांनी कण्याचा क्षय झालेल्या मुलांची पंधरा वर्षे पाठराखण केली आणि साध्या क्ष-किरण चित्रातील चार खुणा सांगितल्या. त्या दिसल्या तर मुलाची पाठ पुढे वाकणार, हे आधीच कळते. २००१ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. यासाठी कोट्यवधींचे यंत्र लागले नाही. लागली ती चिकाटी आणि नीट ठेवलेल्या नोंदी.

लोखंडाची साथ

औषधांनी जे साधत नाही, तेथे शल्यचिकित्सकाला हत्यारे आणि रोपणे हाती घ्यावी लागतात. कण्याच्या आधुनिक उपकरणांचा इतिहास दुःखातून घडला आहे. अमेरिकेतील ह्यूस्टनचे डॉ. पॉल हॅरिंग्टन पोलिओने पाठ वाकडी झालेली मुले पाहत होते. त्यांनी दोन टोकांना आकडे असलेली पोलादी सळई बनवली, मणक्यांत अडकवली आणि वाकलेला कणा सरळ केला. १९६२ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. पॅरिसच्या रॉय-कामिय यांनी मणक्याच्या मागच्या खुंटांतून स्क्रू बसवण्याची रीत आणली. आज जगभर वापरात असलेल्या रोपणांचा हाच पाया आहे.

मला सर्वांत जवळचे वाटते ते मेक्सिकोचे डॉ. एदुआर्दो लुके यांचे उदाहरण. हॅरिंग्टन यांच्या सळईनंतर रुग्णाला महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये राहावे लागे. मेक्सिकोच्या उकाड्यात गरीब रुग्णांना ते झेपत नसे. लुके यांनी प्रत्येक मणका तारेने सळईला बांधण्याची पद्धत आणली आणि प्लास्टरची गरज उरली नाही. १९७०च्या दशकातील हा शोध श्रीमंत देशाच्या पैशातून आला नाही. गरीब देशाच्या गरजेतून आला. धुळे-जळगावचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना लुके यांचे रुग्ण परके वाटणार नाहीत.

अशी उपकरणे बनवणे सोपे आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. सळई व स्क्रू विशिष्ट पोलादाचे किंवा टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असावे लागतात. प्रयोगशाळेत ते पन्नास लक्ष वेळा वाकवून तपासले जातात, कारण माणूस चालतो, वाकतो, उठतो-बसतो आणि प्रत्येक वेळी त्या धातूवर ताण येतो. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ अन्वये त्यासाठी परवाने लागतात. येथे 'चालून जाईल' ही वृत्ती चालत नाही. ते शरीरात बसणारे यंत्र आहे.

वारशाचा खरा अर्थ

आपल्याकडे विज्ञानाचा विषय निघाला की सुश्रुताचे नाव घेतले जाते. ते घेतलेच पाहिजे. सुश्रुताने एकशे एक यंत्रे आणि वीस शस्त्रे सांगितली आणि सर्व यंत्रांत हात हेच प्रधान यंत्र मानले. परंतु त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, जी आपण सोयीने विसरतो. रुग्णावर शस्त्र चालवण्यापूर्वी शिष्याने भोपळा, कलिंगड, काकडी यांवर छेदाचा सराव करावा, असा त्याचा दंडक आहे. सुश्रुताचा वारसा म्हणजे अभिमानाची घोषणा नव्हे. ती सरावाची शिस्त आहे.

ही शिस्त सुटली की काय होते, याची साक्ष पुण्याने दिली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात एका कुंभार कारागिराने कपाळाच्या कातडीपासून एका माणसाचे कापलेले नाक नव्याने घडवले. त्याचे सचित्र वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आले. ते वाचून जोसेफ कार्पू या इंग्रज शल्यचिकित्सकाने अनेक वर्षे मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ मध्ये इंग्लंडमध्ये ती शस्त्रक्रिया यशस्वी केली. त्याने आपला अनुभव ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. आपल्या कारागिराचे नावही आपल्याला सांगता येत नाही. विद्या आपल्या घरात होती; पण तिची नोंद दुसऱ्याच्या वहीत झाली.

दुसरे उदाहरण स्वतंत्र भारतातील आहे. कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा छोटा भाग बांधून त्यात पटकीच्या जिवाणूंचा गाळलेला द्रव सोडला. जिवाणू नसतानाही आतडे पाण्याने फुगले. पटकीत माणूस जिवाणूच्या विषारी प्रथिनाने मरतो, हे १९५९ मध्ये त्यांनी साध्या साधनांनी सिद्ध केले. जगातील शास्त्रज्ञांनी त्यांना १९७८ मध्ये नोबेल परिसंवादासाठी सन्मानाने बोलावले. १९८५ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्याच देशातील किती जणांना त्यांचे नाव माहीत होते?

हळदीच्या पेटंटची लढाई आपण जिंकली, याचा आपल्याला अभिमान आहे. अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेलेले ते पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९७ मध्ये रद्द करवले. पण ही लढाई कशाच्या बळावर जिंकली? लिखित पुराव्याच्या बळावर. आणि रद्द करवणे हे संरक्षण झाले. नवे निर्माण करणे हे त्यापुढचे पाऊल आहे. बोंडअळीशी लढणारे जिवाणूचे प्रथिन २००२ पासून आपल्या कपाशीच्या पानात आले. त्या ज्ञानाचे स्वामित्व दुसऱ्याकडे होते, म्हणून बियाण्याच्या प्रत्येक पाकिटामागे शेतकऱ्याने मोल मोजले. शेवटी डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारला दरनियंत्रणाचा आदेश काढावा लागला. जे शेतात झाले तेच उद्या औषधांच्या दुकानात होईल.

खान्देशाने काय करावे?

संशोधनाला मोठे शहरच लागते, असे ज्यांना वाटते त्यांनी धुळ्याला जावे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव पायी हिंडले, दप्तरे तपासली, कागद गोळा केले. १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यातच त्यांनी देह ठेवला आणि पुढील वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. सरकारी अनुदान नव्हते, पदवी देणारे विद्यापीठ नव्हते. होती ती ध्येयनिष्ठा. आज आपल्याकडे जळगावात १९९० पासून विद्यापीठ आहे, धुळे आणि जळगाव दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, शिरपूरला औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे. राजवाड्यांजवळ यातले काय होते?

तीन कामे मी आपल्यापुढे ठेवतो.

पहिले काम आजच करता येईल. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. या रस्त्यांवर अपघात होतात, विहिरीत आणि झाडावरून माणसे पडतात. कण्याला इजा झालेल्या जखमीला आपण हात-पाय धरून उचलतो, जीपमध्ये बसवतो, आणि तुटलेला मणका मज्जारज्जूत घुसतो. मदत करणाऱ्याच्या प्रेमानेच माणूस अपंग होतो. जखमीला वाकवू नका, बसवू नका. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. हलवणे अटळ असेल तर डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून चार जणांनी मिळून ओंडक्यासारखे एकत्र वळवा आणि फळीवर निजवा. दाराची फळीही चालेल. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या चटया आणि पाइप बनतात. क्ष-किरणांना न अडवणारी, हलकी, धुता येणारी फळी आपल्या साच्यांतून का निघू नये? ती प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि महामार्गावरच्या प्रत्येक ढाब्यावर टांगलेली असावी. हे तंत्रज्ञान आपल्या आवाक्यातले आहे आणि त्याने वाचणारा कणा आपल्याच माणसाचा आहे.

दुसरे काम सेवेचे आहे. कण्याला इजा झालेला रुग्ण पुष्कळदा कण्यामुळे जात नाही. शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांमुळे जातो. दर दोन तासांनी त्याची कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे, हे घरातील कोणीही शिकू शकते. या शहरात केशवस्मृती प्रतिष्ठानाने रक्तपेढी उभारून सेवेला शास्त्राची जोड दिली. तशीच जोड घरोघर पडून असलेल्या या रुग्णांना मिळाली पाहिजे. आपल्या वस्तीत असा रुग्ण आहे का, याची माहिती प्रत्येक कार्यकर्त्याने ठेवावी. महिन्यातून एकदा त्याच्या दाराशी जाणे हेही राष्ट्रकार्यच आहे.

तिसरे काम महाविद्यालयांचे आहे. केळीच्या खोडावर, कापसाच्या सरकीवर, तापीकाठच्या मातीत असंख्य जिवाणू आहेत. काँडोलिएज देणारा जिवाणू सांडपाण्यातही सापडतो, हे आपण पाहिले. आपल्या विद्यार्थ्यांनी ते जिवाणू वेगळे करावेत, त्यांची विकरे तपासावीत. तारखेसह वही ठेवावी. काही नवे हाती लागले तर आधी पेटंटचा अर्ज आणि मग शोधनिबंध, हा क्रम पाळावा, कारण एकदा जाहीर झालेली गोष्ट कायद्याने नवी राहत नाही. प्राथमिक अर्ज केल्यावर पूर्ण अर्जासाठी बारा महिने मिळतात. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना शुल्कात ऐंशी टक्के सवलत आहे. शुल्क परवडत नाही, ही सबब आता उरलेली नाही.

बंधूंनो आणि भगिनींनो, स्वदेशी म्हणजे केवळ परदेशी वस्तू न घेणे नव्हे. आपल्या माणसाच्या वेदनेवरचे उत्तर आपल्या बुद्धीने शोधणे, ते तपासून घेणे आणि त्याची नोंद आपल्या नावे ठेवणे, ही खरी स्वदेशी आहे. शहादा-नंदुरबारपासून रावेरपर्यंत पपईची बाग आजही डोलते आहे. चीक आजही आपलाच आहे. त्याच्यापुढचे ज्ञानही आपले व्हावे, यासाठी या सभागृहातील एका तरी विद्यार्थ्याने आज रात्री नवी वही उघडून पहिल्या पानावर तारीख लिहावी. माझ्या बोलण्याचे तेवढेच फलित मला पुरेसे आहे.

भारतमाता की जय.